बांधावरचें औषध आणि प्रयोगशाळेंतील उंदीर

पुनर्नवा हें नांव आपल्याकडील पुष्कळांस अपरिचित वाटेल. पण घेटुळी म्हटलें कीं बांधावर व पडीक रानांत पसरणारी, तांबूस देठाची ती वनस्पति तत्काळ डोळ्यांपुढें येते. पायांत मोडणारा सराटा, म्हणजे वैद्यांचा गोखरू, हा तिचा शेजारी. दोहोंस आपण तण म्हणून खुरप्यानें काढून टाकतों. आयुर्वेदानें मात्र त्यांची गणना लघवी साफ करणाऱ्या औषधांत केली आहे. आतां अशा वनस्पतींच्या अर्काची परीक्षा उंदरांवर होते. औषधनिर्माणशास्त्राचीं महाविद्यालयें सांगली, कराड, कासेगांव अशा आपल्याच गांवीं आहेत. आणि ‘प्रयोगानें सिद्ध’ एवढ्या दोन शब्दांवर या तणांची लागवड करा असा उपदेश कोणी केला, तर त्या सिद्धतेंत काय आहे हें शेतकऱ्यानें आधीं पाहिलें पाहिजे.

या परीक्षेची पद्धत लिपशिट्झ व त्यांचे सहकारी यांनीं १९४३ सालीं प्रसिद्ध केली. थोड्याफार फरकानें तीच आजही चालते. सारख्या वजनाच्या पांढऱ्या उंदरांचे, बहुधा सहा-सहांचे, गट करतात. त्यांस रात्रभर उपाशी ठेवून नंतर मिठाचें पाणी पाजतात. २०० ग्रॅमच्या उंदरास सुमारें ५ मिलिलिटर. एका गटास तेवढेंच, दुसऱ्यास फ्युरोसेमाईडसारखें माहितीचें औषध, बाकीच्यांस अर्काच्या लहानमोठ्या मात्रा. पिंजऱ्याच्या तळाशीं अशी योजना असते कीं, लेंड्या एकीकडे राहून मूत्र निराळ्या भांड्यांत पडावें. पांच तासांत, कोठें चोवीस तासांत, जमलेलें मूत्र मोजून त्यांतील सोडियम व पोटॅशियम यांचें प्रमाण काढतात.

मेख येथेंच आहे. वनस्पतींत पोटॅश असतें, हें शेतांत राख टाकणाऱ्यास सांगावयास नको. आणि पोटॅशचे क्षार स्वतःच मूत्र वाढवितात. रामनाथ चोप्रा यांनीं कलकत्त्यास पुनर्नवेचा अभ्यास केला, तेव्हां त्यांनींही तिच्यांतील या क्षारांची दखल घेतली होती. तेव्हां तितकाच क्षार पाण्यांतून दिलेला आणखी एक गट ज्या प्रयोगांत नाहीं, तो प्रयोग आम्ही अर्धाच समजतों. शिवाय निरोगी उंदराचें मूत्र वाढलें म्हणजे मनुष्याची सूज बरी झाली असें नव्हे. उलट, ज्याचीं मूत्रपिंडें अधू झालीं आहेत त्याच्या रक्तांत पोटॅशियम सांचून हृदयावर बेतूं शकतें. पाय सुजले कीं डॉक्टरास न विचारतां घेटुळीचा काढा सुरू करणें, हा म्हणूनच धोक्याचा व्यवहार आहे.

आपल्या हिताची गोष्ट मालाच्या ओळखीची. पांढरी पुनर्नवा या नांवानें ट्रायंथीमा ही निराळ्याच कुळांतील वनस्पति खऱ्या पुनर्नवेंत मिसळते. ओळख अवघड नाहीं: घेटुळीचीं बारीक चिकट फळें धोतरास लागतात, दुसरीचीं पानें मांसल असून पांढरीं फुलें पानांच्या बगलेंत दडलेलीं असतात. वाळवून कुटल्यावर मात्र दोन्ही सारख्याच. अशी भेसळीची पुडी प्रयोगशाळेंत गेली, तर निष्कर्ष कोणाचा समजावयाचा? प्राण्यांवरील प्रयोगांस १९६० च्या कायद्याचें बंधन असून संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी लागते. परंतु संशयित मालासाठीं उंदीर उपाशी ठेवणें हीही क्रूरताच, असें आमचें मत आहे.

प्रत्येक अहवालांत वनस्पतीचें लॅटिन नांव तर असावेंच. पण ती कोणत्या गांवच्या कसल्या जमिनींतून, कोणत्या महिन्यांत, फुलापूर्वीं कीं नंतर उपटली, मूळ वापरलें कीं पाला, हेंही असावें. माणच्या मुरमाड माळावरची घेटुळी आणि कृष्णाकांठच्या काळ्या रानांतील घेटुळी यांचा गुण सारखाच निघेल, हें गृहीत धरूं नये. शेतकरी संघांनीं असे नमुने गांव व तारीख लिहून महाविद्यालयांस स्वतः पुरवावे आणि बदल्यांत निकालाची मराठी प्रत मागावी. लागवडीचा करार घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यासही तेंच विचारावें: कोणता भाग, किती वाळलेला, कोणत्या भावानें, आणि माल नापसंत ठरविण्याचा अधिकार कोणाचा? हें लेखी मिळेपर्यंत जोंधळ्याचें रान मोडूं नये; हौस असेल त्यानें एखादा गुंठा लावून पाहावा.