मासोळीला आधी आंबट

मैत्रिणींनो, आमचा भंडारा तलावांचा जिल्हा. मासोळी घरोघरी, पण ती गोड्या पाण्यातली, हे मी लग्न होऊन आले तेव्हा ध्यानातच घेतलं नाही. पुस्तकात पाहून पहिला रोहू केला तो नारळाच्या दुधात! मामंजींनी एक घास घेतला, "चिखलावानी लागते" म्हणाले अन् ताट सरकवलं. मला रडूच कोसळलं.

दुसऱ्या खेपेला मी मसाला दुप्पट घातला. वास तसाच! शेवटी सासूबाईंनीच चिंच भिजत घातली. तो मातकट वास जिऑस्मिन नावाच्या द्रव्याचा. तळ्यातले सूक्ष्म जीव ते तयार करतात, मासोळीच्या अंगात ते मुरतं. मसाल्यानं ते झाकत नाही, आंबटानं मात्र बरंच कमी होतं. म्हणून तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ किंवा लिंबू चोळून वीस मिनिटं ठेवा, मग धुवा. काळी कातडी काढलीत तर अधिक बरं.

वाटणाला भाजलेला कांदा, आलं, भरपूर लसूण, धणे, थोडं सुकं खोबरं आणि चमचाभर भाजलेले जवस घ्या. जवसानं रस्सा दाट होतो. फोडणीत चार मेथीदाणे, जळू देऊ नका. गरम मसाला चिमूटभरच. मरळीला एवढंही नको, लसूण-तिखट पुरे. वरून सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर हो!

उतरवल्यावर तासभर मुरू द्या. आमच्याकडे तेवढं कोणी थांबत नाही, मामंजी तर मुळीच नाही.