लेन्स आणि टाकीचे पाणी

आमच्या तरुण मंडळींनी चष्मा टाकून कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या, यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती द्रावण संपले की लेन्स नळाखाली धरण्यास! छपरावरच्या टाकीत अकँथअमीबा असू शकतो. त्याने बुबुळ धरले तर दृष्टी जाण्यापर्यंत पाळी येते. सलाइन नुसते धुते, जंतू मारीत नाही. डबीतले कालचे द्रावण ओतून द्यावे, त्यात नवे मिसळू नये. ही काटकसर महागात पडते. पेरॉक्साइडच्या द्रावणातील लेन्स त्याच्याच डबीत, बाटलीवर लिहिलेले तास (बहुधा ६) पुरे झाल्याखेरीज डोळ्यात घालू नये. आणि नामांकित बाटली म्हणजे अभय नव्हे: बुरशीच्या संसर्गानंतर २००६ साली बॉश अँड लॉम्बला ‘रेन्यू विथ मॉइश्चरलॉक’ जगभरातून परत घ्यावे लागले. डोळा लाल होऊन दुखू लागला तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्र रुग्णालय गाठावे. लेन्सची डबीही सोबत न्यावी.