विश्लेषण : यादीत गाव असूनही अर्ज का अडतो?

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्यालय पांढरकवडा. तहसील कार्यालय तिथे, बाजार तिथे. केळापूर हे शेजारचे गाव, जगदंबा देवीच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे. त्यामुळे ऑनलाइन अर्ज भरणारा नवखा माणूस तालुक्यांच्या यादीत ‘प’ शोधत बसतो आणि त्याला ‘पांढरकवडा’ सापडत नाही. चूक त्याची मानली जाते. ती बहुतेकदा यादी बनवणाऱ्याची असते.

यादीत नेमके काय साठवले जाते?

ड्रॉपडाऊनमध्ये दिसते ते नाव; डेटाबेसमध्ये जायला हवा तो सांकेतांक. केंद्र सरकारच्या ‘लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरी’त प्रत्येक तालुक्याला आणि गावाला असा स्वतंत्र सांकेतांक आहे. सांकेतांकाऐवजी नावच साठवले, तर केळापूर, केळापुर आणि रोमन लिपीतून परत आलेले ‘केलापूर’ ही संगणकाच्या लेखी तीन ठिकाणे होतात. सांकेतांक साठवला, तर पडद्यावर ‘केळापूर (पांढरकवडा)’ लिहायला कोणाचीच हरकत नसावी.

गट क्रमांकात गोंधळ कसा होतो?

इथे प्रकरण अधिक गंभीर आहे. यादी बहुधा एक्सेलमध्ये तयार होते. तिथे १२/१ टाकले की ती १२ जानेवारी ही तारीख होते. ४५/२ मात्र तसाच राहतो. म्हणून शेजाऱ्याचा अर्ज जातो आणि याचा अडतो. मजकूर चिकटवण्याआधी त्या स्तंभाचे स्वरूप ‘टेक्स्ट’ केले, तर हा घोळ होत नाही.

दुसरी अडचण साच्याची, म्हणजे इनपुट मास्कची. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये मास्कमधील तिरकी रेघ साठवायची की फक्त दाखवायची, हे ठरवता येते. वेगळे सांगितले नाही, तर ती साठवली जात नाही. मग १२/१ चा १२१ होतो, आणि १२१ हा गावातला दुसऱ्याच कोणाचा तरी गट असू शकतो. शिवाय देवनागरी १ आणि इंग्रजी अंकातला एक संगणकाला वेगवेगळे दिसतात. नजरेला न दिसणारी शेवटची मोकळी जागाही जुळणी मोडते.

दोष शोधायचा कसा?

आधी मास्क काढून तीच नोंद निवडून पाहावी. ती स्वीकारली गेली, तर दोष मास्कचा. नाही गेली, तर यादीतील आणि तक्त्यातील मूल्य शेजारी ठेवून अक्षरे मोजावीत. मग ड्रॉपडाऊन तक्त्याच्या कोणत्या स्तंभाला बांधला आहे, तो अंकांचा आहे की मजकुराचा, हे तपासावे. ‘वैध मूल्य भरा’ एवढाच संदेश मात्र कोणाच्याही उपयोगाचा नाही; काय चुकले ते त्यात लिहायला हवे.

हे आता का महत्त्वाचे?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. पूर्वी तलाठ्याला १२/१ म्हणजे कोणता बांध, हे ठाऊक असे. यादीला ते ठाऊक नसते.

केळापुरात आणखी एक पेच आहे. कोलामांचे अनेक पोड स्वतंत्र महसुली गावे नाहीत. गावांच्या यादीत ते येतच नाहीत, आणि तिथला माणूस पत्ता सांगताना पोडाचेच नाव सांगतो. अशा अर्जांत गावाच्या ड्रॉपडाऊनखाली ‘पोड/वस्ती’ हा हाताने लिहिण्याचा रकाना द्यायला हवा, आणि त्यावर कोणताही मास्क नको.