जहाज थांबत नाही

अथणी-विजापूरच्या मळ्यांतील द्राक्षांची वाइन परदेशी धाडावयाची, तर तिला न्हावाशेवा वा मुरगाव गाठावे लागते. एक वाट निपाणीवरून कोगनोळी नाक्याने महाराष्ट्रात शिरते. दुसरी बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरते. कर्नाटकाने 2007 साली वाइनविषयक धोरण आखून कृष्णाखोऱ्यातील या उद्योगास उत्तेजन दिले. सरकारनेच लावलेला हा वेल परवान्यांच्या भाराने वाकावा, हे शोभादायक नाही.

मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय. जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला, इतर मालाचे करनाके उठले; पिण्याचे मद्य मात्र त्या कराबाहेरच राहिले. त्यामुळे अबकारी खात्याचा निर्यात परवाना, वाटेतील राज्याची संमती आणि बंदरावर सीमाशुल्काचे सोपस्कार अशी माळ ओढावी लागते. एक मणी अडला की सारी माळ अडते. जहाज कोणासाठी थांबत नाही, आणि उन्हात तापणाऱ्या कंटेनरात वाइन बिघडते.

निपाणीस हे दुखणे अपरिचित नाही. कच्च्या तंबाखूवरील उत्पादनशुल्क 1979 साली उठेपर्यंत ते पीकही परवान्यांच्याच पहाऱ्यात होते. शिवाय विलंबाचा तोटा कारखानदार एकटा सोसत नाही. तो द्राक्षांच्या भावात उतरतो. भावासाठी शेतकऱ्याला रस्त्यावर यावे लागले तर काय घडते, हे 1981 च्या तंबाखू आंदोलनात निपाणीने गोळीबार सोसून पाहिले आहे.

आम्ही मद्याचे पुरस्कर्ते नाही. मद्यनिषेधाचे तत्त्व सांगणारे घटनेचे 47 वे कलम आम्हांस मान्य आहे. चोरट्या दारूवरील पहारा सैल करा, असेही आमचे म्हणणे नाही. निर्यातीच्या मालाबाबत खरे भय एकच: तो वाटेत उतरून गावच्या बाजारात शिरेल. त्यावर उपाय हाताशी आहे. निर्यातीच्या कंटेनरांसाठी सीमाशुल्क खात्याने 2017 पासून इलेक्ट्रॉनिक मोहोर आणली. कारखान्याच्या दारीच एकदा तपासणी होऊन ती मोहोर लागावी व बंदराखेरीज कोठेही तुटू नये. तिन्ही राज्यांनी एकच अर्ज स्वीकारावा आणि ठरलेल्या मुदतीत होकार वा सकारण नकार द्यावा.

सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा न्याय व्हायचा तेव्हा होवो; शेतकऱ्याच्या मालाने तोवर नाक्यावर का तिष्ठावे? फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळविणाऱ्या गोव्याने या कामी पुढाकार घ्यावा. आपल्या उत्पादकांचीही गरज निराळी नाही.