रान मोडून केलेली जमीन

रान मोडून केलेली जमीन पहिली दोन-तीन वर्षे खत मागत नाही, हा शेतकऱ्यांचा जुनाच अनुभव आहे. खानापूर-कारवारकडील घाटांत पूर्वी कुमरी करणारे लोक याच अनुभवावर चालत. झाडोरा तोडावा, जाळावा, राखेत नाचणी पेरावी, आणि दोन-तीन पिके घेऊन पुढे जावे. ती जागा त्यांस का सोडावी लागे?

रानात पडणाऱ्या पाल्याचा गांडुळे व वाळवी चुरा करितात. बुरशी व जीवाणू त्याचे काळे, भुसभुशीत द्रव्य बनवितात. काही बुरशी तर झाडांच्या मुळांतच बिऱ्हाड करितात. त्यांचे केसाहून बारीक तंतू, मुळे पोचत नाहीत तेथून स्फुरद आणून झाडास देतात व मोबदल्यात साखर घेतात. हेच तंतू मातीचे कण बांधून ठेवितात. त्यामुळे रानाची माती पाऊस पोटात घेते, वाहून जात नाही.

झाडे गेली की पाला थांबतो. नांगर बुरशीचे जाळे तोडतो, उघड्या मातीस ऊन लागते, आणि साठलेले काळे द्रव्य जीवाणू झपाट्याने खाऊन टाकतात. त्यातून सुटलेल्या नत्रावर व राखेवर पहिले भरघोस पीक येते. ही मिळकत नव्हे, मुद्दल आहे. गुओ व गिफर्ड या शास्त्रज्ञांनी २००२ साली ७४ निबंधांतील आकडे एकत्र केले, तेव्हा रानाचे शेत झाल्यावर मातीतील सेंद्रिय कर्ब सरासरी ४२ टक्के घटल्याचे आढळले. गोणीतले खत नत्र देईल. गांडुळास पाला देणार नाही.

भाकरीसाठी केलेल्या शेतास आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु उतारावरची उरलेली राई मोडण्याचा विचार ज्या घरी चालू असेल, तेथे हिशेब दहाव्या वर्षाच्या पिकाचा करावा. ज्यांचे शेत आधीच झाले आहे त्यांनी उसाचे पाचट जाळू नये, सरीतच कुजू द्यावे. ताग पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला भातखाचरात तुडवावा. भर पावसाळ्यात शेतातील एक हातभर चौरस माती उकरून गांडुळे मोजावीत, तशीच बांधावरील जुन्या झाडाखाली मोजावीत. दोन्ही आकडे मुलांकडून वहीत लिहून घ्यावेत, म्हणजे पुढल्या पावसाळ्यात ताडून पाहता येतील.