कंद डोंगरातच राहू द्या

आषाढ-श्रावणात आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीतलं कोणी ना कोणी ट्रेकहून परततं आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं रोप माझ्या हातात ठेवतं. “काकू, तुम्हाला फुलझाडांची आवड, म्हणून आणलं.” जमिनीसरपट एखादं पान, वर पांढरी फुलं. ही हबेनारिया, म्हणजे झाडावर नव्हे तर जमिनीत वाढणारी आमरी. मी आभार मानत नाही, चार शब्द सुनावते. चाळीतली पोरं मागून मला काय म्हणतात तेही ठाऊक आहे.

रोप उलटं करून बघा. मुळाशी दोन कंद दिसतील. एक सुरकुतलेला, गेल्या वर्षीचा. त्याच्या साठ्यावर यंदाचं पान-फूल आलेलं असतं. दुसरा लहान नि टणक, पुढच्या पावसाळ्यासाठी नुकता भरू लागलेला. फुलावर असताना उपटलं की जुना रिकामा आणि नवा अर्धाच. त्यातूनही तगलंच तर पाऊस सरल्यावर पान वाळतं, कारण कंद झोपी जातो. आपल्याला वाटतं, झाडाला पाणी कमी पडलं. मग रोज तांब्याभर पाणी ओतून कंद कुजवायचा! बियांपासून करावं म्हटलं तर बी धुळीइतकं बारीक, त्यात अन्नसाठाच नाही. मातीतल्या विशिष्ट बुरशीने पोसलं तरच ते रुजतं, आणि ती बुरशी कोकोपीटच्या पिशवीतून येत नाही.

आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, धोबीतलावच्या सेंट झेवियर्समध्ये फादर सांतापाव वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांचं आणि त्यांचे सहलेखक कापाडिया यांचं ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक १९६६ साली आलं. अशा अभ्यासकांना नमुने दाबून, वाळवून ठेवावे लागत. तुमच्या खिशात कॅमेरा आहे. तुम्हाला कुदळ कशाला?

घरी आमरी हवीच असेल तर स्पॅथोग्लॉटिस लावा. नर्सरीत ‘ग्राउंड ऑर्किड’ म्हणा, लगेच काढून देतील. पानं हळदीच्या पानाहून चिंचोळी, लांबट, चुण्या पडलेली. फूल नसेल तर शेजारीण ताडाचं रोप समजते. मुंबईचा उकाडा आणि दमट हवा तिला मानवते. भेट म्हणून येणाऱ्या मॉथ ऑर्किडसारखे तिचे नखरे नाहीत. माझी गॅलरी पूर्वेची, सकाळचं ऊन मिळतं, तेवढं पुरतं. तेलाच्या डब्याला तळाशी भोकं पाडायची, खाली विटांचे तुकडे, वर लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि थोडं कोकोपीट. कंद मातीत पुरायचा नाही, वर दिसू द्यायचा. माती ओलसर असावी, चिखल नको. पावसाळ्यात गोगलगायी कोवळे कोंब फस्त करतात, तेव्हा रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या. दांड्यावर जांभळी फुलं खालून वर एकेक उमलत जातात, त्यामुळे एक दांडा कित्येक दिवस पुरतो. डबा गच्च भरला की कंद वेगळे करून शेजारी वाटते. कंद वाटायचेच, तर हे वाटा.

आणि पालिकेकडे एक मागणी. राणीच्या बागेतलं पुष्पप्रदर्शन जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरतं, तेव्हा सह्याद्रीतले हे कंद मातीखाली झोपलेले असतात. ऑगस्टमध्ये तिथेच या रानफुलांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरवा, आणि गिरगाव-लालबागच्या शाळांना आधी बोलवा.