लग्नाचा वाढदिवस डोंगरावर जरूर करा, काडेपेटी घरी ठेवा

बेलापूर, नेरूळ, खारघर, पनवेलमधल्या जोडप्यांना आणि त्यांना ‘सरप्राइज’ देऊ पाहणाऱ्या मित्रमंडळींना कळकळीची विनंती.

वणव्याचे दिवस आहेत. वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरतं आणि नेमक्या याच दिवसांत प्रबळमाचीवर, खारघरच्या टेकडीवर तंबू ठोकून लग्नाचा वाढदिवस करायची टूम निघाली आहे. टूम वाईट नाही. हॉटेलबाहेर नंबर लावून ताटकळण्यापेक्षा कलावंतिणीच्या सुळक्याखाली रात्र काढलेली केव्हाही बरी. पण बदामाच्या आकारात मांडलेल्या मेणबत्त्या, केकवरचा भुईनळा, हवेत सोडायचे कंदील, बार्बेक्यू, शेकोटी, सिगारेट यातलं काहीही आत्ता नको.

डोंगरावरचं गवत मुठीत चुरगाळून पाहा, भुगा होतो. तिथे एक ठिणगी पुरते. चढावर ज्वाळा पुढच्या गवताकडे झुकतात, ते आधीच तापवतात; दर दहा अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. आपण चढावर धापा टाकतो, तिथेच ती सुसाट सुटते. ‘आम्ही नीट विझवली होती’ हे तर नेहमीचंच. राखेखालचा निखारा तासन्‌तास धगधगत असतो आणि वारा सुटेपर्यंत तुम्ही गाडीत बसलेले असता.

11 मार्च 2018 रोजी तमिळनाडूत, थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला आलेली मंडळी वणव्यात सापडली. वीसहून अधिक जण गेले. लग्नाला वर्षही न झालेलं एक जोडपं त्यांत होतं.

आपण रात्रीपुरते पाहुणे. खारघरच्या टेकडीवर फणसवाडी, चाफेवाडी आहे, तिथल्या लोकांचा चारा आणि करवंदाच्या जाळ्या याच उतारांवर असतात. टिटवी, रातवा याच दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालतात. आणि भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 नुसार राखीव वनात मनाईच्या काळात विस्तव नुसता सोबत नेणंही गुन्हा आहे.

जेवण वाडीतल्या घरी सांगा. तिथली चूल सारवलेल्या जागेत पेटते, पिठलं-भाकरी गरम मिळते. कोळशावरच्या पनीरचा हट्ट नको. उजेडाला बॅटरीचे दिवे न्या. तंबूवाल्याने ‘कॅम्पफायर पॅकेजमध्येच आहे’ म्हटलं, तर स्पष्ट नाही म्हणा.

आग दिसलीच, तर वर पळू नका. बाजूला सरकत खाली उतरा. उघडा कातळ किंवा आधीच जळालेला काळा पट्टा गाठा. तंबू, सामान जाऊ द्या. नायलॉन वितळून अंगाला चिकटतं, म्हणून कपडे सुती घाला. वनखात्याच्या 1926 वर किंवा 112 वर फोन करा आणि डोंगराचं व जवळच्या वाडीचं नाव आधी सांगा.

शनिवारच्या आत हा मजकूर आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका.